विनॉक्सी जीवाणूंचं चयापचय आणि एनएमआर: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर आणि आसपासच्या कॉलेजांतली एमएस्सी-पीएचडीची मुलं, डिस्टिलरीतले एक-दोन केमिस्ट आणि मुरघास (हवाबंद खड्ड्यात आंबवलेला चारा) करणारे काही दूधवाले शेतकरी गेली काही वर्षं मला विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या, जीवाणूंचं चयापचय एनएमआरने कसं वाचायचं याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाचं लिहून ठेवतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस. चुंबकाच्या बाजूने या विषयात आलेलो नाही, त्यामुळे भौतिकशास्त्र इथे अडेल तेवढंच आहे.

एनएमआर, एमआरएस आणि एमआरआय ही तीन वेगळी यंत्रं आहेत का?

तत्त्व एकच. काही अणूंची केंद्रकं जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवली की ती ठरावीक वारंवारतेच्या रेडिओ लहरींना दाद देतात. हे फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दाखवलं आणि १९५२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं. पुढे लक्षात आलं की एकाच जातीच्या केंद्रकाची वारंवारता त्याच्या रेणूतल्या शेजाऱ्यांप्रमाणे किंचित सरकते. त्या सरकण्यावरून रेणू ओळखता येतो, आणि रसायनशास्त्रज्ञांना त्यातच रस.

परीक्षानळीतला द्रव तपासला की त्याला एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) म्हणायचं. जिवंत शरीरातला एखादा ठिपका निवडून तिथली रसायनं वाचली की एमआरएस (मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपी). शरीरातल्या पाण्याचं चित्र काढलं की एमआरआय. दवाखान्यातलं १.५ टेस्लाचं यंत्र हायड्रोजनला सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर ऐकतं, प्रयोगशाळेतलं ९.४ टेस्लाचं ४०० मेगाहर्ट्झवर. यंत्राला '४०० चं' किंवा '६०० चं' म्हणतात ते यावरूनच.

विनॉक्सी जीवाणूंसाठीच हे तंत्र इतकं सोयीचं का?

ऑक्सिजनवर जगणारा जीवाणू साखर जाळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतो. मागे फारसं काही उरत नाही. विनॉक्सी जीवाणूची अडचण वेगळी. साखरेतून काढलेले इलेक्ट्रॉन घ्यायला ऑक्सिजन नाही, म्हणून ते त्याला कुठेतरी खपवावे लागतात, आणि बहुतेक वेळा तो ते स्वतःच्याच उत्पादनांवर खपवतो: लॅक्टेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट, इथेनॉल, सक्सिनेट. ही सगळी लहान, विरघळणारी, बाहेर टाकलेली आणि मिलिमोलर प्रमाणात साठणारी. एनएमआर तसं मंद कानाचं यंत्र आहे. मिलिमोलरमधलं त्याला काही मिनिटांत स्वच्छ ऐकू येतं, नॅनोमोलरमधलं येत नाही. म्हणजे या जीवाणूंच्या जमाखर्चाची वही त्याला नेमकी वाचता येईल अशा ठळक अक्षरांत असते.

आणखी एक गंमत आहे. विरघळलेला ऑक्सिजन स्वतः अनुचुंबकीय असल्याने तो रेषा रुंद करतो. इतर प्रयोगांत लोक नळीतून वायू सोडून त्याला हुसकावतात. आपल्या नळीत तो मुळातच नसतो. उलट स्पेंट वॉशमधलं (डिस्टिलरीच्या सांडपाण्यातलं) लोह आणि मँगनीज तेच काम दुप्पट जोमाने करतात, हे मात्र ध्यानात असू द्या.

वर्णपटात काय कुठे दिसतं?

मुलं 'पीक' म्हणतात. घरी ज्वारी असलेल्याला तो शब्द ऐकून आधी मालदांडीच आठवते, म्हणून मी शिखर म्हणतो. शिखराची जागा पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे वारंवारता दशलक्षात किती भाग सरकली. हायड्रोजनच्या वर्णपटात सामू सातच्या आसपास असताना ब्युटिरेटचा मिथाइल (टोकाचा एक कार्बन आणि तीन हायड्रोजनांचा गट) ०.८९ पीपीएमला, प्रोपिओनेटचा १.०५ ला, इथेनॉलचा १.१८ ला, लॅक्टेटचा १.३२ ला. असिटेटचं १.९१ ला एकच उंच शिखर, सक्सिनेटचं २.४० ला, आणि फॉर्मेट एकटंच दूर ८.४५ ला. ही सात ठिकाणं पाठ असली की निम्मं काम झालं. बाकीच्यांसाठी एचएमडीबी आणि बीएमआरबी या खुल्या माहितीसाठ्यांत शोधा.

मिथेन आणि हायड्रोजन हे वायू इथे शोधू नका. ते द्रव सोडून वर जातात. त्यांच्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी (जीसी).

मग सगळंच जीसी किंवा एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) का करू नये?

करा की! डायजेस्टरमध्ये रोज किती असिटिक आणि किती प्रोपिओनिक आहे एवढंच हवं असेल, तर जीसी स्वस्त आहे, जवळ आहे आणि पुरेसं आहे. 'एनएमआर केलं' असं प्रबंधात लिहिता यावं म्हणून एनएमआर करणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो.

एनएमआरचे दोनच खरे फायदे. एक, काय सापडेल हे आधी माहीत नसलं तरी चालतं, नमुन्यात भरपूर असलेलं सगळं एकदम दिसतं. दुसरा मोठा: रेणूतला *कोणता* कार्बन कुठून आला हे ते सांगतं. जीसी सांगेल प्रोपिओनेट आहे. ते कोणत्या वाटेने बनलं, हे त्याला विचारून उपयोग नाही.

कार्बन-१३ लावून वाट कशी कळते? जरा सोपं करून सांगा.

निसर्गात शंभरातला जेमतेम एक कार्बन (१.१ टक्के) कार्बन-१३ असतो, आणि एनएमआरला तेवढाच दिसतो. नेहमीचा कार्बन-१२ त्याच्या लेखी नाहीच. म्हणून न खुणावलेल्या नमुन्यात कार्बनचा संकेत हायड्रोजनच्या तुलनेत सुमारे सहा हजार पट दुबळा असतो. पण हाच दोष कामाला येतो. पार्श्वभूमी जवळपास कोरी असल्याने आपण मुद्दाम घातलेला कार्बन-१३ जिथे जाईल तिथे उठून दिसतो. गर्दीत एकाच्याच डोक्यावर फेटा बांधून त्याच्यावर नजर ठेवण्यातला प्रकार.

प्रोपिओनेटचं उदाहरण घ्या, माझं सर्वांत आवडतं. लॅक्टेटपासून प्रोपिओनेट करायच्या दोन वाटा आहेत. *प्रोपिओनिबॅक्टेरिअम* आणि *वेलोनेला* सक्सिनेटवरून जातात. *मेगास्फेरा एल्सडेनाय* आणि *क्लॉस्ट्रिडिअम प्रोपिओनिकम* अॅक्रिलेटवरून. शेवटी बाटलीत तेच प्रोपिओनेट, वासही तोच. आता तिसऱ्या, म्हणजे मिथाइल कार्बनवर खूण केलेलं लॅक्टेट त्यांना खाऊ घाला.

अॅक्रिलेटच्या वाटेत कार्बनांची जागा बदलत नाही. मिथाइल तो मिथाइलच राहतो, आणि कार्बन वर्णपटात १०.९ पीपीएमला एकच शिखर वाढतं. सक्सिनेट मात्र दोन्ही टोकांनी सारखं. एन्झाइमला त्याचं डोकं कोणतं आणि शेपूट कोणतं ते ओळखता येत नाही. त्यामुळे खूण मधल्या दोन कार्बनांत वाटली जाते, आणि प्रोपिओनेटमध्ये १०.९ ला आणि ३१.४ ला अशी दोन शिखरं जवळपास बरोबरीने उठतात. एक शिखर की दोन, एवढ्यावर वाट ठरली. जनुकक्रमाचा अंदाज लागत नाही की एन्झाइम शुद्ध करावं लागत नाही.

ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवर खूण असेल तर? ग्लायकोलिसिसने, म्हणजे साखर तोडायच्या नेहमीच्या वाटेने, ती पायरुव्हेटच्या मिथाइलवर येते आणि पुढे असिटेटच्या मिथाइलमध्ये, २४ पीपीएमला दिसते. एंटनर-डाउडोरोफ वाटेने तीच खूण पायरुव्हेटच्या पहिल्या कार्बनवर येते आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाते. असिटेट मग कोरंच.

असिटोजेन जीवाणू तर कार्बन डायऑक्साइडपासूनच असिटेट बांधतात. त्यांना खुणावलेला कार्बन डायऑक्साइड दिला की असिटेटचे दोन्ही कार्बन खुणावलेले निघतात, आणि शेजारी शेजारी बसलेले दोन कार्बन-१३ एकमेकांचं शिखर दुभंगतात. फट सुमारे ५२ हर्ट्झची. फट दिसली की समजायचं, दोन्ही कार्बन नवे आहेत. एक जुना असता तर फट पडली नसती.

आमच्या डिस्टिलरीच्या बायोगॅस डायजेस्टरला याचा काय उपयोग?

सोलापूर जिल्ह्यात कारखाने किती, हे सोलापूरकराला सांगायला नको. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंट वॉशचा सीओडी (त्यातला सेंद्रिय माल जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे लाखभर मिलिग्रॅमच्या घरात जातो, आणि तो उतरवायला विनॉक्सी डायजेस्टर लागतो. तिथे बहुतेक मिथेन असिटेटपासून होतो, पण तेही दोन वाटांनी. *मिथॅनोथ्रिक्स*सारखे जीव असिटेट सरळ तोडतात: मिथाइलचा मिथेन आणि कार्बोक्सिलचा (दुसऱ्या टोकाच्या कार्बनचा) कार्बन डायऑक्साइड. अमोनिया फार वाढला की हे जीव दबतात आणि दुसरीच जोडी पुढे येते. एक जीवाणू असिटेटचे दोन्ही कार्बन जाळून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतो, दुसरा जीव त्यातून मिथेन करतो.

मिथाइलवर खूण केलेलं असिटेट घालून पाहा. १६१ पीपीएमला बायकार्बोनेटचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं, शिखर वाढू लागलं तर दुसरी जोडी कामाला लागली आहे. ही वाट सावकाशीची. तिच्यावर चालणाऱ्या डायजेस्टरला पहिल्यासारखाच लोड दिलात तर आम्ल साठून तो बसतो. म्हणून हे आधी कळलेलं बरं.

एक अडचण. स्पेंट वॉशचा तपकिरी रंग मेलॅनॉइडिनचा, आणि ते वर्णपटात उंटाच्या मदारीसारखा फुगवटा आणतं. नमुना ३ किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळा. गाळण्याआधी फिल्टर पाण्याने चार-पाच वेळा धुवा, नाहीतर त्यावरचं ग्लिसरीन तुमच्या नमुन्यात उतरेल आणि तुम्ही 'नवीन मेटाबोलाइट सापडला' म्हणून फोन कराल. असे दोन फोन मला आले आहेत.

मुरघासाला वास येतो. तो एनएमआरने तपासता येईल का?

येईल, पण मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याचं नाक अगोदरच उत्तर देऊन बसलेलं असतं. आंबूस-गोडसर वास म्हणजे लॅक्टिक आम्ल, सामू चारच्या आसपास, खड्डा चांगला दाबलेला. खवट लोण्याचा वास म्हणजे ब्युटिरिक. ओला चारा भरला किंवा सामू पुरेसा उतरला नाही की *क्लॉस्ट्रिडिअम टायरोब्युटिरिकम* लॅक्टेट खाऊन ब्युटिरेट करतो, आणि सोबत कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सोडतो.

नाक काय झालं ते सांगतं. किती झालं, आणि कशापासून झालं, हे एनएमआर सांगेल. मिथाइलवर खुणावलेल्या लॅक्टेटपासून ब्युटिरेट झालं तर खूण त्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवर येते, कारण दोन असिटिल तुकडे एकापाठोपाठ एक जोडले जातात. संशोधनासाठी हे छान. पण खड्डा वाचवण्यासाठी प्लास्टिक नीट झाका आणि ट्रॅक्टर आणखी दोन वेळा फिरवा.

पंढरपुरी म्हशीच्या पोटातलं किण्वन यात बसतं का?

बसतं, आणि माझ्या मते आपल्या भागासाठी याहून चांगला विषय नाही. कडब्यावर जगणाऱ्या जनावराच्या रुमेनमध्ये (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) असिटेट सर्वांत जास्त, मग प्रोपिओनेट, मग ब्युटिरेट. असिटेट बनताना हायड्रोजन सुटतो आणि मिथेन करणारे जीव तो उचलतात. प्रोपिओनेट बनताना उलट हायड्रोजन खर्ची पडतो. म्हणून खुराक वाढवला की प्रोपिओनेट वाढतं आणि मिथेन घटतो. वर सांगितलेल्या सक्सिनेट आणि अॅक्रिलेट या दोन्ही वाटा रुमेनमध्ये एकाच वेळी चालू असतात. खुराक बदलल्यावर त्यांचं प्रमाण कसं बदलतं हे खुणावलेल्या लॅक्टेटने मोजता येतं. नळीने रुमेनचा द्रव काढायचा तर प्राणी-प्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, नंतर नव्हे.

नमुना पुण्या-मुंबईला कसा न्यावा?

सोलापुरी मे महिन्यात? हातात धरून.

एकदा आम्ही बारा कुप्या थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून रात्रीच्या एका बसच्या पार्सलने पाठवल्या. डबा दोन दिवसांनी पोचला, बर्फाचं पाणी झालेलं, तीन कुप्यांची झाकणं वायूने उडालेली. उरलेल्यांत लॅक्टेट जवळपास संपलं होतं आणि ब्युटिरेट भरपूर. जीवाणूंनी प्रवासात प्रयोग पुढे चालूच ठेवला होता. महिन्याची मेहनत वाया. तेव्हापासून नमुना घेऊन सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने कोणीतरी जातंच.

चूक अर्थात बर्फाची कमी, आमची जास्त. आम्ही जीवाणू काढलेच नव्हते, नुसतं सोडियम अझाइड (जीवाणू रोखायचं रसायन) टाकून निर्धास्त झालो होतो. अझाइड प्रामुख्याने ऑक्सिजनवर चालणारी श्वसनसाखळी अडवतं. किण्वन करणाऱ्या बऱ्याच जीवाणूंना ते फारसं बोचत नाही. स्ट्रेप्टोकोकाय वेगळे काढायच्या माध्यमात अझाइड घालतात ते याच कारणाने: बाकीचे मरतात, हे टिकतात. तेव्हा आधी सेंट्रिफ्यूज करा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मगच गोठवा. फ्रीझ-ड्राय करायचं असेल तर आधी सामू सातच्या वर आणा. आम्लधर्मी नमुन्यातून असिटिक आम्ल पंपाबरोबर उडून जातं आणि तुम्हाला वाटतं जीवाणूने ते केलंच नाही.

नळीत नेमकं काय आणि किती भरायचं?

५ मिमीच्या नळीत साधारण ०.६ मिली. त्यात दहा टक्के जड पाणी, यंत्राला 'लॉक' करायला, म्हणजे त्याचं चुंबकीय क्षेत्र सरकू न द्यायला. फॉस्फेट बफर हवाच, कारण सामू बदलला की शिखरं सरकतात आणि दोन नमुने एकमेकांशी जुळत नाहीत. शून्य पीपीएमसाठी डीएसएस हे संदर्भ-रसायन, अचूक मोजून घातलेलं, म्हणजे त्याच्याच आधाराने बाकीच्यांची मात्रा काढता येते. पाण्याचं शिखर दाबणारी पल्स (रेडिओ लहरींचा छोटा झटका) ऑपरेटर लावतोच. तुम्ही एवढंच विचारा की दोन पल्समधला विराम किती ठेवला. असिटेटसारखे छोटे रेणू सावकाश पूर्वपदावर येतात. घाई केली तर त्यांचं प्रमाण कमी भरतं, आणि ही चूक वर्णपटाकडे बघून अजिबात कळत नाही.

जिवंत जीवाणू नळीत ठेवूनच बघता येत नाहीत का?

येतात, पण साध्या नळीत तीन गोष्टी छळतात. पेशी तळाला बसतात, वायूचे बुडबुडे क्षेत्राची एकसंधता बिघडवतात, आणि बंद नळीत दाब वाढतो. (काचेची नळी चुंबकात फुटली तर बिल कोण भरणार हे आधी ठरवा.) यावर एक तोड म्हणजे नमुना छोट्या रोटरमध्ये भरून, चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून, सेकंदाला हजारो वेळा फिरवायचा. दाट, अर्धघट्ट नमुन्याच्याही रेषा मग बारीक होतात.

२०२३ मध्ये *क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल* या आतड्यातल्या उपद्रवी जीवाणूवर असं काम प्रसिद्ध झालं. हा जीवाणू साखरेबरोबर अमिनो आम्लांचंही किण्वन करतो. एका अमिनो आम्लाचे इलेक्ट्रॉन काढून दुसऱ्यावर टाकायची ही युक्ती एल. एच. स्टिकलंड यांनी १९३४ मध्ये दुसऱ्या एका क्लॉस्ट्रिडिअममध्ये दाखवली होती. नव्या कामात जिवंत पेशी वाढत असताना प्रोलिन, ल्युसिन आणि ग्लुकोज कोणत्या क्रमाने संपतात ते दिसलं. ग्लुकोजमधला कार्बन आणि ल्युसिनमधला नायट्रोजन अलॅनिनमध्ये एकत्र येतात, हेही दोन वेगवेगळ्या खुणा एकाच वेळी लावून सिद्ध झालं.

फॉस्फरस-३१ ला तर खुणेचीही गरज नाही, कारण निसर्गातला सगळा फॉस्फरस तोच. पेशीतल्या फॉस्फेटचं शिखर सामूप्रमाणे सरकतं, त्यावरून पेशीच्या *आतला* सामू कळतो. १९८३ मध्ये एका मिथेन करणाऱ्या, उष्णता मानवणाऱ्या जीवाच्या पेशींत एक भलंमोठं अनोळखी शिखर दिसलं. ते चक्रीय २,३-डायफॉस्फोग्लिसरेट निघालं. त्या पेशींत तो रेणू असा भरून पडलेला होता, पण त्याआधी तो तिथे असेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. काय शोधायचं ते ठाऊक नसताना सापडतं म्हणालो ते हेच.

लाइट गेली तर चुंबक बंद पडतं का?

नाही. अतिवाहक कॉइल उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेली असते आणि प्रवाह तिच्यात विजेशिवाय फिरत राहतो. बंद पडतो तो संगणक आणि तुमचा रात्रभराचा कार्बन-१३ चा प्रयोग. यूपीएस किती तास चालतो ते विचारून मगच रात्रीची वेळ घ्या.

यंत्र कुठे मिळेल?

आधी आपल्या विद्यापीठात आणि कॉलेजात चौकशी करा. पुण्यात एनसीएल आणि आयसर, मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआर या संशोधनसंस्थांत एनएमआर आहेत. शुल्क आणि नियम जागेप्रमाणे बदलतात. विनॉक्सी जीवाणूंचे जिवंत नमुने बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, गाळलेला द्रव घेतात. अर्जात 'रोगकारक नाही' असं लिहिण्याआधी ते खरं आहे ना बघा.

दवाखान्याच्या एमआरआयमध्ये विनॉक्सी जीवाणू दिसतात का?

जीवाणू दिसत नाहीत, त्यांनी टाकलेलं दिसतं. मेंदूत गळू झालं आणि त्याच्या पोकळीवर एमआरएस केलं तर लॅक्टेट आणि अमिनो आम्लं बहुतेकदा दिसतातच. पण १.९ ला असिटेट आणि कधी २.४ ला सक्सिनेटही दिसलं, तर विनॉक्सी जीवाणूंचा दाट संशय घ्यायचा. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये पू कल्चर करून, म्हणजे त्यातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून, हा मेळ तपासला आणि प्रसिद्ध केला. पुण्यात ४०० मेगाहर्ट्झवर तुमच्या मुरघासात दिसणारं असिटेट ते हेच, त्याच जागी.

कल्चरला हा पर्याय नाही. विनॉक्सी जीवाणू वाढायला दिवस लागतात आणि पू हवेत उघडा राहिला तर वाढतच नाहीत. मधल्या काळात डॉक्टरांना एक सुगावा मिळतो, एवढंच. मेंदूतली गाठ आणि गळू यांत फरक करायलाही ०.९ पीपीएमची अमिनो आम्लं कामी येतात. मात्र तिथेच चरबीचंही शिखर असतं, म्हणून रेडिओलॉजिस्ट प्रतिध्वनीची वेळ (पल्स दिल्यापासून संकेत ऐकेपर्यंतची) १३५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतात. तेव्हा अमिनो आम्लांचं शिखर उलटं होऊन खाली लोंबतं, चरबीचं वरच राहतं. औषध लागू पडलं की असिटेट आणि सक्सिनेट ओसरत गेल्याच्याही नोंदी आहेत.